रात्री तीन वाजता ४८

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. ह्यांचं वय ६८. मधुमेहाला १६ वर्षं झाली. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड सकाळ-संध्याकाळ चालू आहे, शिवाय दीड वर्षापासून रात्री १४ युनिट इन्सुलिन. रक्तदाबाचीही एक गोळी आहे. निवृत्त झाल्यावर ह्यांनी स्वतःला कडक शिस्त लावून घेतली. संध्याकाळी तासभर भरभर चालणं, जेवण निम्म्यावर. वर्षभरात ७ किलो वजन उतरलं. तीन महिन्यांची साखर (एचबीए१सी) ६.२ टक्के आली तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. पण गेले दोन महिने संध्याकाळी फिरून आले की हे क्षुल्लक कारणावरून अंगावर येतात. एकदा ‘माझा चष्मा तूच लपवलास’ म्हणून केवढा आरडाओरडा केला, चष्मा डोळ्यांवरच होता. जेवण झालं की शांत, आणि आधीचं काही आठवत नाही. दोनदा रात्री अंगातला सदरा घामाने भिजला. मागच्या आठवड्यात रात्री तीनला उठून बसले आणि असंबद्ध बोलू लागले. मीटर लावला तर ४८. मी घाबरून चॉकलेट दिलं, मग दूध, मग हाताला लागेल ते. सकाळी साखर २९१. ‘बघ, तू भरवलंस म्हणून चढली,’ असं म्हणून त्या रात्री ह्यांनी दोन युनिट जादा घेतलं. आता बोट टोचू देत नाहीत. ‘मला काही होत नाही’ एवढंच उत्तर. अशा वेळी नेमकं काय द्यायचं? बेशुद्ध झाले तर? मी रोज रात्री जागायचं का? आजारपणात गोळ्या द्यायच्या की थांबवायच्या? आणि ह्या माणसाला समजवायचं कसं? (ह्यांच्या तळपायांना मुंग्याही येतात. ते साखर कमी झाल्यामुळे असेल का?)
– झोप उडालेली एक वाचक

ताई,

तुम्ही पुष्कळ विचारलंत, पण एक प्रश्न राहिला आणि मला सुरुवात त्याच्यापासूनच करायची आहे. साखर ४८ झालीच कशामुळे?

काय द्यायचं, किती द्यायचं ते सांगतेच. पण नळ गळत असताना फरशी कशी पुसावी हे शिकवण्यात अर्थ नाही. म्हणून आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावा, आजच. पुढच्या तपासणीच्या तारखेची वाट बघू नका. घाबरलेल्या माणसाची गोष्ट लांबत जाते आणि मुद्दा राहून जातो, तेव्हा कागदावर लिहून घ्या : रात्री तीनला ४८, बोलणं असंबद्ध. वर्षात ७ किलो वजन कमी. जेवण निम्मं, रोज संध्याकाळी तासभर चालणं. गोळ्या आणि इन्सुलिन मात्र जुन्याच मात्रेत, वर दोन युनिट जादा. रक्तदाबाच्या गोळीचं नाव. हे वाचून दाखवा आणि विचारा, ‘आज संध्याकाळची गोळी आणि रात्रीचं इन्सुलिन किती द्यायचं?’ प्रश्न असाच, आजच्या तारखेचा विचारा. ‘साखर कमी होते, काय करू?’ असं विचारलंत तर ‘वेळेवर जेवू घाला’ हे उत्तर मिळायचा संभव असतो, आणि तेवढ्यावर भागण्याची वेळ निघून गेली आहे.

आकड्यांचं एकदा स्पष्ट करून घेऊ. ७० च्या खाली गेली की साखर कमी, उपाय करायचाच. ५४ च्या खाली गेली की मेंदूला तिची झळ बसू लागते. (ज्यांचं मीटर मिलिमोलमध्ये दाखवतं त्यांच्यासाठी हेच आकडे ३.९ आणि ३.) आणि ज्या वेळी माणसाला स्वतःचं स्वतः सावरता येत नाही, दुसऱ्याने मदत करावी लागते, ती गंभीर पायरी, मग मीटरवर आकडा कुठलाही असो. त्या रात्री तुम्ही जाग्या नसतात तर काय, हा विचार मी तुम्हाला घाबरवण्यासाठी करत नाही. पण फोनवर ‘जरा कमी झाली होती’ असं म्हणू नका. गंभीर झाली होती, असंच म्हणा.

आता कारण. तुमचे यजमान वर्षापूर्वी ७ किलोंनी जड होते, दुप्पट जेवत होते आणि कमी चालत होते. त्या माणसाच्या मापाने बेतलेली औषधं आजच्या माणसाच्या अंगावर चढवली जात आहेत. वजन उतरलं की शरीर इन्सुलिनला जास्त चांगला प्रतिसाद देतं, म्हणजे तेच १४ युनिट आता जास्त काम करतात. चालण्याचं तर आणखी वेगळं. चालताना स्नायू साखर वापरतात हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण चालून झाल्यावर रिकामी झालेली कोठारं भरण्यासाठी ते पुढे कित्येक तास, कधी कधी दुसऱ्या दिवसापर्यंत, रक्तातून साखर ओढत राहतात. संध्याकाळी सहाचं चालणं रात्री तीनला वसुली करतं ते असं.

आणि मग ती गोळी. मेटफॉर्मिन एकटं सहसा साखर इतकी पाडत नाही, त्याच्यावर माझा संशय नाही. ग्लिमेपिराइडवर आहे. ती ज्या सल्फोनिलयुरिया कुळातली, त्या कुळाची जन्मकथाच कमी साखरेची आहे. १९४२ साली फ्रान्समधल्या माँपेलिए इथे मार्सेल जानबाँ हे डॉक्टर विषमज्वराच्या रुग्णांना एक नवं सल्फा औषध देत होते. त्यातल्या काहींची अवस्था विचित्र झाली, आणि शोध घेतला तेव्हा रक्तातली साखर घसरलेली आढळली. ओग्युस्त लुबातिएर यांनी पुढे दाखवून दिलं की हे औषध स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतं. एका आजाराच्या उपचारातला दुष्परिणाम दुसऱ्या आजाराचा उपचार झाला! औषध उत्तम आहे, स्वस्त आहे, मी स्वतः वर्षानुवर्षं लिहून दिलं आहे. पण त्याचा मूळ स्वभाव विसरून चालत नाही. ताटात किती वाढलं आहे हे ती गोळी बघत नाही. पोटात पडली की स्वादुपिंडाला ढोसत राहते. त्यात रात्री वरून इन्सुलिन. दोन्ही मिळून ६८ वर्षांच्या, निम्मं जेवणाऱ्या माणसाला जास्त होत असणार, असा माझा अंदाज. नक्की काय कमी करायचं हे मात्र त्यांना तपासणारे डॉक्टरच ठरवतील. तुम्ही दोघांनी घरच्या घरी काही बंद करू नका, आणि कृपा करून वाढवू तर अजिबात नका.

त्याच फोनवर क्रिएटिनिनची, म्हणजे मूत्रपिंडाच्या कामाची, तपासणी शेवटची कधी झाली तेही विचारा. शरीरातलं इन्सुलिन मोडीत काढण्याचं बरंचसं काम मूत्रपिंड करतं. त्याचा वेग वयाने किंवा मधुमेहाने मंदावला की इन्सुलिन आणि या कुळातल्या काही गोळ्या अंगात जास्त वेळ रेंगाळतात. ज्याची साखर वर्षानुवर्षं चढीच होती त्याची अचानक ‘छान’ व्हायला लागली, की मला आनंद होण्याआधी मूत्रपिंड आठवतं.

हे शहाणपण मला फुकट मिळालेलं नाही. पुष्कळ वर्षांपूर्वी एका आजींचा ५.९ चा रिपोर्ट बघून मी त्यांची सगळ्यांसमोर पाठ थोपटली होती. त्यांच्या सुनेला काहीतरी सांगायचं होतं, पण आजींनी तिला गप्प केलं आणि मीही विचारलं नाही. तीन आठवड्यांनी आजी पहाटे पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. साखर ४१ होती. सुनेला सांगायचं होतं ते एवढंच, की सासूबाई सकाळी भ्रमिष्टासारखं बोलतात. तेव्हापासून चांगला रिपोर्ट हातात आला की मी आधी सोबत आलेल्या माणसाकडे बघते.

तीन महिन्यांची साखर ही सरासरी असते. सरासरीत ४८ आणि २९१ एकमेकांना झाकून टाकतात आणि कागदावर छान गुळगुळीत आकडा उमटतो. तरुण, धडधाकट माणसाला ७ च्या आतलं उद्दिष्ट ठीक. तब्येत धरून असलेल्या ज्येष्ठांना साधारण ७ ते ७.५ पुरे, आणि सोबत इतर दुखणी असतील, साखर वारंवार पडत असेल, तर ८ पर्यंतही चालवून घेतात. इन्सुलिन आणि ग्लिमेपिराइड दोन्ही घेणाऱ्या ६८ वर्षांच्या माणसाचा ६.२ हा माझ्या लेखी शाबासकीचा आकडा नाही.

आता चष्म्याबद्दल. आपला मेंदू वजनाने शरीराच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढा, पण विश्रांती घेताना शरीर जी ऊर्जा खर्च करतं तिचा पाचवा हिस्सा एकटा खातो, आणि त्याचं रोजचं इंधन म्हणजे रक्तातली साखर. ती पडू लागली की शरीर अॅड्रिनलिन सोडतं, तेच जे भांडणात किंवा भीतीत सुटतं. छातीत धडधड, हात थरथरणं, दरदरून घाम, पोटात आग पडल्यासारखी भूक हे त्याचे पडसाद. आणखी खाली गेली की विचार करणारा मेंदूच अडखळतो. मग चिडचिड, संशय, हट्ट, बोबडं बोलणं, धूसर दिसणं, नंतर काहीही न आठवणं. अंगावर आले ते तुमचे यजमान खरे, पण त्या घटकेला बोलत होती ती पडलेली साखर. तेव्हा संध्याकाळी आवाज चढला की उत्तर देऊ नका, खुलासा करू नका. मीटर आणा. टोचू देत नसतील किंवा मीटर जवळ नसेल, तर साखर कमी आहे असं समजून आधी गोड द्या. साखर चढीच असली तर एका गोड घोटाने फारसं बिघडत नाही. कमी असताना मात्र वाट बघणं महागात पडतं.

नेमकं काय द्यायचं? जे पोटात जाऊन लगेच रक्तात उतरेल असं गोड, १५ ग्रॅम. साध्या साखरेचे चहाचे चार सपाट चमचे पाण्यात विरघळवून, किंवा ग्लुकोजच्या गोळ्या (बहुतेक गोळ्या ४ ग्रॅमच्या असतात, म्हणजे चार, पण डबीवर वाचून घ्या), किंवा १२० ते १५० मिलिलिटर फळांचा रस. ‘शुगर फ्री’ लिहिलेलं पेय अशा वेळी निरुपयोगी. दिल्यावर घड्याळ बघा. १५ मिनिटं. पुन्हा मोजा. अजून ७० च्या खाली असेल तर पुन्हा तेवढंच द्या. साखर वर आली, आणि जेवणाला तासाभराहून जास्त अवकाश असेल, तर थोडं काही खायला द्या, म्हणजे ती टिकेल.

ही पंधरा मिनिटं सगळ्यांत अवघड असतात, मला माहीत आहे. समोर माणूस थरथरतोय आणि आपण घड्याळ बघत बसायचं! हात आपोआप डब्याकडे जातो. तुमचं नेमकं तेच झालं. चॉकलेटमधल्या चरबीमुळे त्यातली साखर रक्तात उतरायला वेळ लागतो, दुधाचंही काहीसं तसंच. फरक दिसेना म्हणून तुम्ही आणखी देत गेलात, आणि दिलेलं सगळं पहाटे एकदम येऊन पोचलं. शिवाय साखर पडल्यावर यकृतानेही घाबरून आपला साठा मोकळा केला असणार. २९१ चा हिशेब हा असा. त्यात तुमची चूक काही नाही, चॉकलेट द्यायचं नसतं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. पण त्या २९१ वर रात्रीचं इन्सुलिन वाढवणं म्हणजे ज्या उतारावरून गाडी घसरली तिथेच ती पुन्हा नेऊन उभी करणं.

आजच एका छोट्या डब्यात प्रत्येकी चार चमचे मोजलेल्या साखरेच्या चार पुड्या करून त्यांच्या उशाशी ठेवा, शेजारी पाण्याची बाटली. दोन पुड्या त्यांच्या फिरायला जायच्या सदऱ्याच्या खिशात. रात्री तीनला, थरथरत्या हातांनी चमचे मोजायची वेळ येऊ नये. एक पोटनियम राहिला. त्यांच्या औषधांत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर घरातली साखर कामाला येत नाही, कारण ही औषधं साखरेचं विघटनच लांबवतात. तिथे ग्लुकोजच लागतं. तुमच्या यादीत ती नावं नाहीत, पण हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणाच्या असतील.

बेशुद्ध पडले, किंवा गिळता येत नसेल, तर तोंडात काहीही घालू नका. पाणी नाही, साखर नाही, मध नाही. ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. कुशीवर वळवा, रुग्णवाहिका बोलवा. ग्लुकॅगॉन नावाचं औषध असतं, इंजेक्शनच्या किंवा नाकात मारायच्या रूपात. ते यकृताला साठवलेली साखर सोडायला लावतं, आणि घरातल्या माणसालाही देता येतं. तुमच्या घरी ते असावं का, हे डॉक्टरांना त्याच फोनवर विचारून घ्या. माणूस शुद्धीवर आला की सगळ्यांना हायसं वाटतं आणि रुग्णवाहिका परत पाठवतात. तसं करू नका. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीमुळे पडलेली साखर वर येऊन तासाभराने पुन्हा पडू शकते, आणि हा खेळ दिवसभर किंवा त्याहून जास्त चालू शकतो. अशा रुग्णाला देखरेखीखाली ठेवावं लागतं. याच कारणासाठी, घरी सावरले तरी त्या रात्री पुन्हा झोपण्यापूर्वी आणि नंतर तासा-दीड तासाने एकदा मोजा.

रोज रात्री जागायचं का? नाही. तुम्ही आजारी पडलात तर ते घर कोण चालवणार! डॉक्टर मात्रा बदलतील त्यानंतरचा पहिला आठवडा तेवढा सांभाळा. झोपण्याआधी मोजा, आणि गजर लावून तीनला एकदा. झोपताना १०० च्या खाली असेल तर थोडं काही खाल्ल्याशिवाय झोपू देऊ नका. एरवी रात्री पडलेल्या साखरेच्या खुणा सकाळी सापडतात : ओली उशी, डोकेदुखी, वाईट स्वप्नं, झोप होऊनही गळून गेल्यासारखं वाटणं. परवडत असेल तर दंडावर लावायच्या सेन्सरबद्दल विचारा. तो सतत साखर मोजतो आणि कमी झाली की वाजतो. त्याचे दोन स्वभाव तेवढे माहीत असू द्या. तो खऱ्या रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो, आणि त्याच कुशीवर झोपलं तर दाबामुळे खोटा कमी आकडा दाखवतो. वाजला की बोट टोचून खात्री करा, पण लक्षणं दिसत असतील तर खात्रीपायी थांबू नका.

‘मला काही होत नाही’ असं ते म्हणतात ते कदाचित अक्षरशः खरं असेल, ताई. साखर वरचेवर पडत राहिली की शरीराची सूचना देणारी घंटा बोथट होते. पूर्वी ६५ ला हात थरथरायचे, आता ५० ला सुद्धा काही जाणवत नाही, आणि जाणवेपर्यंत सांगायची शुद्ध उरलेली नसते. शिवाय ती रक्तदाबाची गोळी. तिच्या नावाचा शेवट ‘लॉल’ असा होत असेल, एटेनोलॉल, मेटोप्रोलॉल वगैरे, तर धडधड आणि थरथर ती झाकून टाकते. घाम मात्र बहुधा येतोच. तो तुम्हाला दिसला हे बरं झालं. (ती गोळी अचानक बंद करू नका, ते वेगळं संकट ओढवून घेणं होईल.) चांगली गोष्ट ही, की दोन-तीन आठवडे साखर अजिबात पडू दिली नाही तर बऱ्याच जणांची ही घंटा पुन्हा वाजू लागते.

तोवर त्यांनी गाडी चालवू नये. नंतर चालवायला लागले की निघण्यापूर्वी मोजायची, ९० च्या खाली असेल तर आधी खायचं, मग किल्ली. चालायला जातानाही मोजायचं. आणि संध्याकाळचं ते चालणं जेवणाआधी असेल तर जेवणानंतर नेता येईल का बघा, माझ्या अनुभवात एवढ्यानेच पुष्कळांची संध्याकाळ सुधारली आहे.

दोन बारीक गोष्टी, ज्या दवाखान्यात घाईत निसटतात. इन्सुलिन पोटावर एकाच जागी टोचत असतील तर तिथे बोटांनी चाचपून बघा. चरबीची मऊ गाठ झाली असेल तर त्यातून इन्सुलिन बेभरवशाने शोषलं जातं. पण आज गाठ सापडली म्हणून उद्या एकदम चांगल्या जागी तेवढंच इन्सुलिन टोचलं तर ते जोरात लागू पडू शकतं, म्हणून जागा बदलण्याआधी डॉक्टरांशी बोला. दुसरं, सिरिंज वापरत असतील तर बाटलीवरचा आणि सिरिंजवरचा आकडा (एका मिलिलिटरमध्ये किती युनिट तो) जुळतो का बघा. १०० च्या बाटलीतलं इन्सुलिन ४० च्या सिरिंजने घेतलं तर अडीचपट मात्रा जाते.

आजारपणाचं थोडक्यात सांगते. ताप असला की साखर बहुधा चढते, जेवण गेलं नाही की पडते, म्हणून त्या दिवसांत दर चार तासांनी मोजायचं. जेवण जात नसताना ग्लिमेपिराइड नेहमीसारखी देणं धोक्याचं. उलट्या-जुलाब असतील तर मेटफॉर्मिनही बहुधा थांबवायला सांगतात. इन्सुलिन मात्र ‘खाल्लं नाही ना, मग नको’ असं म्हणून आपल्या मनाने बंद करायचं नसतं, कमी किती करायचं ते विचारायचं. कुठलीही अँटिबायोटिक लिहून दिली तर मधुमेहाच्या गोळ्यांची चिठ्ठी दाखवा, त्यातल्या काहींनी साखर पडते. हे सगळं आजारी नसताना डॉक्टरांकडून एका कागदावर लिहून आणा.

तळपायांच्या मुंग्या साखर पडल्याच्या नव्हेत. साखर कमी झाल्यावर मुंग्या येतात त्या ओठांना, जिभेला, आणि थोड्या वेळाने जातात. तळपायांच्या रोजच्या मुंग्या बहुधा इतक्या वर्षांच्या मधुमेहाने नसांना पोचलेली इजा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेणाऱ्यांत ब-१२ जीवनसत्त्व कमी होतं, त्यानेही येतात, आणि ते साध्या रक्ततपासणीत कळतं, म्हणून सांगून करून घ्या. अनवाणी चालायचं नाही, गरम पाण्यात पाय बुडवायचे नाहीत, रोज रात्री तळवे आणि बोटांच्या बेचक्या बघायच्या. त्यांना वाकता येत नसेल तर तुम्ही बघा. डोळ्यांचा पडदा आणि लघवीतलं प्रथिन वर्षातून एकदा तपासलेलं नसेल तर तेही याच फेरीत.

राहिलं समजवायचं. रात्री नको, संध्याकाळी तर नकोच. सकाळी खाऊन झाल्यावर, साखर जाग्यावर असताना बोला. पहिलं वाक्य ‘तुम्ही ऐकत नाही’ हे नसावं. त्यांनी वर्षभर जे केलं ते खरंच सोपं नव्हतं, आणि त्यांच्या कानांवर आता असं पडत असेल की तेच चुकलं. तसं नाही हे त्यांना स्वच्छ सांगा : तुम्ही इतकं छान केलंत की औषधं जास्त व्हायला लागली, आता ती कमी करून घेऊ. औषध कमी होणार म्हटल्यावर बोट पुढे न करणारा रुग्ण मी क्वचितच पाहिला आहे.

ते आकड्यांचे भोक्ते दिसतात. मग त्यांना एका ६.२ ऐवजी रोजचे आकडे द्या. एक वही करा, चालण्याआधी, जेवणाआधी, झोपताना, आणि वही त्यांनीच लिहायची. तुमच्यासाठी तीत एकच रकाना ठेवा. पुढे कधी असा प्रसंग आला तर त्या वेळची साखर लिहा आणि शेजारी ते काय बोलले ते त्यांच्याच शब्दांत, तुमचा शेरा न जोडता. मग वही त्यांच्याकडे द्या आणि स्वयंपाकघरात निघून जा. वाचताना तुम्ही समोर नसलेल्या बऱ्या.